लॉरीच्या पोटाला शेंदूर

सटवाजीमामा गेले त्याला पंधरा दिस झाले. लोक भेटायला येतात आन् म्हनतात, मामा लई धीराचा मानूस होता. धीराचे कुठले? लई भित्रे होते मामा. मरेपर्यंत, रस्त्यानं मोठी गाडी मागून आली की ते भिताडाला पाठ लावून उभे ऱ्हायचे. कशापायी, ते लोकांना ठावं न्हाई.

तवा मामा इशीतले. अहमदपूरकडचं गाव सोडून उदगीरला दस्तगीर उस्तादाच्या मोटारीच्या कारखान्यात लागलेले. काम काय, तर दिसभर गाडीखाली उताणं पडायचं. चासी, आक्सल, कमानपाटे, जे जे गंजलं ते खरडायचं. पत्र्याच्या पट्टीनं गंजाचे पापुद्रे काढायचे, तारेच्या बुरशानं घासायचं, मग घासलेटाचं फडकं, ते पांढरं निघेपर्यंत. मग शिश्याच्या पुडीचं लाल अस्तर, जवसाच्या तेलात कालवून. ते खडखडीत वाळलं की वर काळा रंग. लाल अस्तर नसलं तर काळ्याखालून गंज पुन्हा निघतो, असं उस्ताद म्हनायचे.

रझाकारीचं वरीस होतं ते. निजामाची सरहद बंद, सोलापूरचा माल येईना. अस्तराची पूड संपली, जवसाचं तेलबी संपलं. उस्ताद सामानासाठी बिदरला गेलेले, आन् त्याच दिशी लाकडाच्या ठेकेदाराची लॉरी आली. लाकडं नावालाच. गाडीत रझाकारांचे बंदूकवाले बसलेले असायचे. ते ज्याला "गाडीत बस" म्हनायचे तो पुन्हा दिसायचा न्हाई. शाळेतले कारकून रेणुकादास होळीच्या आधी असेच बसले. त्यांची बायको चंद्रप्रभा अजून मोटारीचा आवाज आला की दारात येऊन उभी ऱ्हायची.

बंदूकवाल्यांचा जमादार म्हनला, "जुम्म्याला दुपारी गाडी पायजे. खालून सगळी काळी. समझा?"

मामा "जी" म्हनले. दुसरं काय म्हननार?

दोन दिस खरडून खरडून मामाच्या डोळ्यात गंज गेला. लोखंड उघडं झालं, पन अस्तर कुठून आनायचं? मग ध्यानात आलं, शेंदूर. तोबी शिश्याचाच की. मामा पूजेचं सामान इकनाऱ्या उमाबाईकडं गेले.

उमाबाई म्हनली, "येवढा शेंदूर? तालुक्यातले समदे मारुती रंगवायला निघालास का काय रं?"

"गाडीला लावायचा हाय, उमाबाई."

"गाडीला? मग नारळबी घे. आन् शनवारी तेल घालायला ये."

मामाच्या घरात गावच्या मारुतीला शेंदूर लावायचा मान होता. मामाची आई नागाबाई गोड्या तेलात शेंदूर कालवायची, मामा ल्हानपनापासून लावायचे. हाताला तीच सवय. जवसाचं तेल नव्हतं, गोडं तेल होतं. मामानं तेच घातलं, कालवलं, आक्सलपासून कमानपाट्यापर्यंत गुळगुळीत लावलं. पन देवाचा शेंदूर वाळायला नको असतो, बोटाला निघाला पायजे, तवा तर लोक टिळा लावतात. लॉरीचं तसं न्हाई, तिला वाळनारं जवसाचंच तेल लागतं. हे मामाच्या डोक्यातच आलं न्हाई.

जुम्म्याच्या सकाळी बोट लावलं तर ओलं. वाट बघायला वेळ नव्हता. भीतीपोटी वरून काळा रंग मारला. मग तर दोन्ही ओले. दुपारपर्यंत उन्हानं पातळ झालं, आन् काळ्यातून केशरी ओघळ निघाले, थेंब थेंब मातीवर.

उस्ताद बिदरहून उतरले आन् मागोमाग बंदूकवालेबी आले.

जमादारानं वाकून आक्सलाला हात लावला. पंजा केशरी. त्यानं तो मामाच्या तोंडापुढं धरला. "ये क्या है? हमारी गाडी को तेरा भगवा लगाया?"

मामा सरकत सरकत भिताडाला टेकले.

उस्तादानं थेंब बोटावर घेतला, हुंगला, मामाकडं बघितलं. समदं उमगलं त्यांना. पट्टी घेतली, शेजारी दुरुस्तीला आलेल्या तहसिलीच्या मोटारीखाली हात घातला आन् काळा रंग खरडला. खालून लाल निघालं.

"हर गाडी के पेट में लाल रैता, जमादारसाब. सरकारी गाडी में भी."

"वो सूखा है. ये गीला कैसा?"

"बाजार में तेल किधर है? सरहद बंद है. पोट्ट्याने जो मिला वो डाला. अकल कम है, नीयत नै."

जमादार हसला न्हाई. "पोंछ. अब्बी."

मामा गाडीखाली शिरले. घासलेटाचं फडकं घेऊन दोन घंटे समदं पुसलं. तोंडाजवळ जमादाराचे बूट, इकडून तिकडं, तिकडून इकडं. लोखंड उघडं पडलं तवा बूट थांबले.

"निकल. गाडी में बैठ. रस्त्याला अजून गळलं तर तूच पुसशील."

मामा बाहेर आले. मागच्या फाळक्याला दोन्ही हात लावले. चढायला पाय उचलेना, सोडायला हात सुटेना.

तेवढ्यात उस्ताद पुढं झाले आन् मामाच्या बाजूनं गाडीत चढून बसले. "चलो. मैं भी आता. गाडी रस्त्यात बिघडली तर पोट्टा काय करेल?"

"तेरे को कौन बोला?"

"कोई नै बोला. पन मी गेलो तर तुमची दुसरी लॉरी आत कारखान्यात खोलून पडलीय, ती कोन जोडनार?"

जमादारानं आत त्या लॉरीकडं बघितलं. मग थुंकला. "उतर, बुड्ढे. तेरा पोट्टा भी रख ले."

डायवरनं गाडी चालू केली. उस्तादानं खाली उडी मारली. पन मामाचे हात फाळक्यालाच. गाडी हलली, मामा दोन पावलं तिच्यामागं ओढत गेले.

"छोड, सट्या! छोड रे!" उस्तादानं एकेक बोट धरून उकललं. दहावं बोट सुटलं तवा गाडी फाटकातून बाहेर गेली.

मामा तिथंच उभे. धोतर पायापर्यंत भिजलेलं, आन् ते पान्यानं न्हाई. आजूबाजूचे लोक दारं उघडून येऊ लागले. उस्तादानं एकदा खाली बघितलं, उरलेल्या घासलेटाचा डबा लाथेनं मामाच्या पायावर पाडला आन् समद्यांना ऐकू जाईल असं वरडले, "अंधा है क्या? सारा घासलेट धोतरावर सांडलं!"