पाळी गेल्यावर ती परत कोपऱ्यात बसली

बायको गेली तवापासून ती मला रांजणापाशीच दिसती. हिवाळ्याची दुपार, आम्ही सगळे उन्हाला बसलेलो, अन् ही रांजणाच्या ओल्या अंगाला गाल लावून, डोळे मिटून उभी. पाठीवर झंपर घामानं भिजलेला.

"अगं, लोक कुडकुडून राह्यले."

"लोकायच्या आत चूल न्हाई पेटलेली. माझ्या पेटली," म्हणायची, अन् हसायची. कधी हसताहसता रडायची. कधी मळलेलं पीठ तसंच टाकून लिंबाखाली जाऊन बसायची, जसं काही तिला तिथं कोणी हाक मारली. पाळी जायला लागली की बाईला असं होतं, हे आम्हाला कोणीच सांगितलं न्हवतं.

मंग पाळी गेली. आमच्यात पाळी आलेली बाई ओसरीच्या कोपऱ्यात बसती, कशालाच शिवत न्हाई. तो कोपरा सुटला. दोनेक वर्षं ती देवाला दिवा लावायची, लोणच्याच्या बरणीत खुशाल हात घालायची. चूल बी निवत आल्ती.

एका दिवाळीत सकाळी बघतो तर ही कोपऱ्यात. घोंगडी टाकून, भिंतीला टेकून. माझी बहीण माहेरी आल्ती. तिनं विचारलं, "वहिनी, हितं कशी?"

"परत आली गं."

बहिणीनं टाळी वाजवली. "दादा, माळ्यावरचा पाळणा काढ!"

सगळं घर हसलं. ती बी पदरात हसली. तसं हसणं मी परत कुठं ऐकलं न्हाई.

त्यानंतर ती मधून मधून बसतच गेली. कोपऱ्यात बसली म्हणजे दुखण्याचं नाव बी ठरलं अन् इलाज बी ठरला: बसायचं, न्हायचं, उठायचं. ती अंगानं झिजत गेली तवा भोकरदनच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरीणबाई म्हणल्या, "आजोबा, पाळी बंद होऊन वर्ष झालं की ती परत येत नसते. मग एक डाग जरी दिसला तरी तपासायचं. दर वेळी वाईटच निघतं असं नाही. पण तपासायचंच."

हिचं वाईट निघालं. गर्भपिशवीचा कॅन्सर, अन् तो पसरलेला. शेवटी शेवटी ती पाण्याच्या ताटलीत बोटं बुडवून पडून राह्यची. ज्वारी हुरड्यात आल्ती तवा गेली. त्याला आता लई वर्षं झाली.

परवा सकाळी चहा आला न्हाई. ओसरीत सून कोपऱ्यात बसलेली. ती बी दोनेक वर्षांत तिथं बसली न्हवती. तिला बी मागं तसाच घाम फुटायचा. माझ्या डोळ्यापुढं दोघी एकमेकीत मिसळल्या.

"उठ. भोकरदनची गाडी धरायची."

"मामा, शिवू नका, मी बाजूला बसले."

"त्याच्यासाठीच म्हणतो. तुझी पाळी कवाच गेली. हे दुसरं काही असंल."

सुनेनं मान खाली घातली. सासऱ्यानं असलं बोलायचं असतं का? बोललो. हात धरला अन् उठवलं.

गाडीत ती माझ्यापासून अंग चोरून बसली. मी बी बाहेर बघत राह्यलो. दवाखान्यात नाव पुकारलं तशी ती आत गेली, दार लागलं. तिच्या चपला उंबऱ्याशी वाकड्यातिकड्या पडल्या होत्या. मी त्या सरळ केल्या, तोंड बाहेर करून ठेवल्या, अन् बाकड्यावर बसलो.