बिननावाचा निबंध

मी नांदेडहून लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला आले, तेव्हा स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक सर बसायचे. तेही मराठीच शिकवायचे. त्यांच्याइतकं चांगलं लिहिणारा माणूस मला त्याआधी किंवा नंतर भेटला नाही. हे मी आपुलकीपोटी म्हणत नाही. आयुष्यभर मराठी वाचली आणि शिकवली, तेवढ्या भरवशावर म्हणते आहे.

सर निलंग्याकडच्या खेड्यातले. बोलणं तिकडचंच, वर्गातसुद्धा. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांची थोरली बहीण गेली. बातमी कळताच सर मिळेल त्या वाहनानं गावाकडं निघाले, ते दिवाळी उलटून गेली तरी परतले नाहीत. पत्र्याच्या शेडमध्ये गावकऱ्यांसोबतच राहिले. आले तेव्हा खंगले होते. बहिणीविषयी एक शब्द बोलायचे नाहीत, पण ऑफ तासाला खिडकीपाशी बसून लिहीत असायचे.

त्याची कादंबरी व्हायला काही वर्षं लागली. रविवारी दुपारी ते आमच्या घरी येऊन एकेक प्रकरण वाचून दाखवायचे. माझे यजमान बँकेतले, पेपरापलीकडे वाचन नाही. पण सर वाचू लागले की त्यांच्या हातातला चहा तसाच गार व्हायचा. त्यातली एक बाई मी अजून विसरलेले नाही. तिच्या पडलेल्या घराचं दार बुटकं होतं. शेडचं दार चांगलं उंच, तरी ती दर वेळी वाकूनच आत शिरायची. लोक हसायचे. मग एके दिवशी ती ताठ मानेनं आत आली आणि दिवसभर रडत बसली. आपण घर विसरलो, असं तिला वाटलं.

वाचून झाल्यावर यजमानांनी ते पान मागून घेतलं आणि स्वतः पुन्हा वाचलं.

पुण्याच्या एका प्रकाशकानं हस्तलिखित परत पाठवलं. भाषा फार ग्रामीण आहे, जरा सोपी करा, असं म्हणणं होतं. सरांनी केली नाही. दुसऱ्यानं इतका काळ ठेवून घेतलं की शेवटी त्याच्याकडूनच उत्तर आलं, भूकंपाचा विषय आता जुना झाला. मग नांदेडच्या एका स्नेह्यानं आपल्या छापखान्यात पुस्तक छापलं. तिथल्याच एका सभागृहात प्रकाशन झालं. प्रमुख पाहुण्यांनी स्वतःच्या पुस्तकांविषयी तासभर सांगितलं आणि जाताना सरांची प्रत खुर्चीवरच विसरून गेले. ती सरांनीच उचलली. परतीच्या एसटीत ते मला म्हणाले, "घाईत असतील मॅडम. मोठ्या माणसायला कामं लई असतात."

परीक्षण कुठंच आलं नाही.

तोवर लातूर बदलून गेलं होतं. अहमदपूर, उदगीर, पार परभणीकडून पोरं क्लाससाठी पेट्या-गाद्या घेऊन उतरत होती. चौकाचौकात पहिल्या आलेल्यांचे फोटो लागले. घरमालक भाडेकरू काढून पोरांसाठी छोट्या खोल्या काढू लागले. आमच्या मराठीच्या तासाला पहिल्या बाकावर कुणी नसायचं, मागचे बाक भरलेले, आणि त्यांवर मांडीत वही धरून भौतिकशास्त्राची गणितं सुटायची. सर रागवायचे नाहीत. ते शिकवत राहायचे, फक्त आवाज उतरत गेला.

एका क्लासवाल्यानं गाईड काढायचं ठरवलं आणि सरांकडं निबंध मागितला. विषय होता 'भूकंपग्रस्ताचे मनोगत'. सर आधी नको म्हणाले. मग एका बैठकीत लिहून दिला. कादंबरीतली ती वाकणारी बाईच त्यात घेतली होती. गाईडात लेखकाचं नाव छापायची पद्धत नव्हती.

पुढं एका उन्हाळ्यात मी नांदेडला बोर्डाचे पेपर तपासायला गेले. निबंधात तोच विषय आला होता. पहिल्या गठ्ठ्यातच ती बाई भेटली. मग पुढच्या पेपरात, मग त्याच्या पुढच्या. अक्षर वेगळं, शुद्धलेखनाच्या चुका वेगळ्या, बाई तीच. कुणी 'बुटकं'च्या जागी 'मोडकं' लिहिलं होतं. कुणी तिला म्हातारी केली होती.

शेजारचे परीक्षक वैतागून म्हणाले, "आली का तुमच्याकडं बी ती वाकणारी? सकाळपास्नं डोकं उठवलं तिनं."

"चांगलं लिहिलंय पण," मी म्हणाले.

"चांगलं काय मॅडम, पाठांतर हाय. कापा मार्क."

तपासणीवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकांनीही तेच सांगितलं. पाठ केलेल्या उत्तराला सढळ हातानं गुण द्यायचे नाहीत. आम्ही सगळ्यांनी लाल पेनानं ते पाळलं.

लातूरला परतल्यावर मी सरांना सांगितलं. मला वाटलं होतं, इतक्या पोरांनी आपलं लिहिणं पाठ केलं हे ऐकून बरं वाटेल त्यांना.

"शेवटपर्यंत लिहितेत का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. शेवटचा परिच्छेद बहुतेक सगळे गाळतात. उत्तर लांबतं म्हणून."

"म्हंजे ती ताठ मानेनं येती, ते न्हाईच?"

"नाही."

"मग निस्ती वाकणारी बाई राहिली की," ते म्हणाले. "तिच्यात काय हाय मग."

त्यानंतर सरांनी लिहिलेलं मी काही पाहिलं नाही. विचारलं तर हसून तपासायचे पेपर दाखवायचे. निवृत्तीनंतर थोड्याच काळात ते गेले. शोकसभा महाविद्यालयातच, दोन बॅचच्या मधल्या वेळेत उरकली. सर कधी रजा घेत नसत, असं एकानं सांगितलं. दुसऱ्यानं त्यांचा साधेपणा सांगितला. मी पुस्तकाविषयी बोलायला उठले, तर बाहेर पुढच्या बॅचची पोरं दार ढकलू लागली होती.

खरा लेखक आज ना उद्या ओळखला जातोच, असं मी वर्गात कितीदा सांगितलं असेल. उदाहरणंही द्यायचे. आता लक्षात येतं, ज्यांना उशिरा का होईना कुणी शोधलं, त्यांचीच उदाहरणं आपल्याला माहीत असतात. ज्यांना कुणीच शोधलं नाही, त्यांचं उदाहरण देणार कोण? सरांना जाऊन बरीच वर्षं झाली. कुणी शोधत आलेलं नाही. वाचनालयात त्यांच्या कादंबरीची एक प्रत होती, ती बघायला गेले, तर तिथं अभ्यासिका झालेली. कादंबऱ्या पोत्यांत बांधून गच्चीच्या जिन्याखाली टाकल्या होत्या, वरून पाणी ठिबकत होतं.

मागच्या वर्षी मी सरांच्या पत्नीला भेटायला गेले. त्यांनी ती कादंबरी कधी वाचली नव्हती. भूकंपाचं त्यांना वाचवत नाही. चहा देऊन माझ्यासमोर बसल्या आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "खरंच चांगलं लिहायचे का हो ते?"

"खूप चांगलं," मी म्हणाले.

"मग कुणी सांगितलं कसं न्हाई त्यायला?"

त्या कप उचलून आत गेल्या.