मागच्या दाराचा रॅक

माझ्या छोट्या इलेक्ट्रिक गाडीला सायकलचा रॅक घ्यायला मी भिंगारच्या एका दुकानात गेलो, तेव्हा साठीच्या एक बाई आपल्या निळ्या गाडीसाठी तेच बघत होत्या. दुकानदार छतावरचा रॅक दाखवत होता. बाईंनी पदर खोचला, सायकल उचलल्यासारखे दोन्ही हात वर नेले आणि खांद्यापाशी थांबल्या.

"इथवरच जाती. मागच्या दाराला बसनारा दाखवा."

"नातवाची सायकल का?" मी विचारलं.

"माझी हाय. आत्ता शिकतीय."

गाडी चालवणाऱ्या बाईंना सायकल येत नाही, याचं मला नवल वाटलं.

त्या हसल्या. "घरात एकच सायकल हुती, ती भावांची. गाडी नोकरीला लागल्यावर शिकले."

"मग सायकल लांब कशाला न्यायची? गल्लीतच शिका की."

"गल्लीत सगळे धरायला धावत्यात, दादा. धरलं की शिकनं होत न्हाई."

रॅक बसवून त्या गेल्या.

महिन्याभरानं पाथर्डीच्या रस्त्याकडेला तीच निळी गाडी उभी दिसली. रॅक रिकामा होता. मी थांबून दोन्ही बाजूंना पाहिलं. रस्ता दूरवर सरळ होता, तरी बाई कुठं दिसेनात. एवढ्या लांब गेल्यात म्हणजे सायकल आली असणार, असं मनाशी म्हणत मी निघालो.