नाव नसलेली टोपी

काकांची ती टोपी लहानपणापासून माझ्या डोळ्यांत खुपायची. पांढरी, चपटी, भोवती काळी फीत आणि फितीवर सोनेरी धाग्याची चार इंग्रजी अक्षरं. काका म्हणायचे, मी दुसऱ्या महायुद्धात खलाशी होतो, ही तिथली टोपी. त्यांचं जहाज म्हणे मालवाहू जहाजांना सांभाळत ब्रह्मदेशातल्या आराकानच्या किनाऱ्यापर्यंत न्यायचं, समुद्रातले सुरुंग काढायचं. एकदा बॉम्ब पडून मागचा भाग जळाला, तरी आपल्याच इंजिनावर बंदरात परतलं. बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरात हे कुणाला पटणार? हुसेनसागरात होडी हलली तरी देवाचा धावा करणारी माणसं आम्ही.

हैदराबाद राज्याचे तुकडे होत होते, तेव्हाची ही गोष्ट. वडिलांनी मराठवाड्यात बदली मागितली होती आणि घराला सर्टिफिकेटांचा ताप चढला होता. मुलकी, म्हणजे राज्याचेच रहिवासी, असल्याचं सर्टिफिकेट, नोकरीचं सर्टिफिकेट, शाळेचं सर्टिफिकेट. शिक्का नसलेल्या कागदाकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. मी चौदा वर्षांची, वर्गात पहिली येणारी आणि भलतीच शिष्ट.

त्यातच नांदेडचे एक हेडक्लार्क आपल्या मुलीसाठी काकांना पाहायला आले. मुलगी काकांच्या मनात भरली होती. एका लग्नात तिला पाहिल्यापासून ते रोज दाढी करायला लागले होते, आणि आम्ही त्यालाही हसत होतो. पाहुण्यांनी विचारलं, जहाज कोणतं? काकांनी नाव सांगितलं आणि मोठ्या हौसेनं टोपी पुढे केली.

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मला राहवलं नाही. "पण यावर जहाजाचं नाव कुठाय? या चार अक्षरांचा अर्थ बादशहाचं हिंदी जहाज, एवढाच. असली टोपी कोठीच्या जुन्या बाजारात मिळते."

"लढाईत नाव लिहीत नव्हते, बेटा," काका म्हणाले. "कोणतं जहाज बंदरात आलंय ते दुश्मनला कळलं नाही पाहिजे, बस."

"नाव लपवतंय ते कसलं हो जहाज?" हेडक्लार्क पोट धरून हसले. त्यांना बरं वाटावं म्हणून वडीलही हसले. खोटारडा जावई नको, असा चार दिवसांनी निरोप आला. काकांनी पुन्हा लग्नाचा विषय काढू दिला नाही. आम्ही औरंगाबादला गेलो, ते हैदराबादलाच राहिले. आणि एका थापाड्याला उघडं पाडलं म्हणून मी कितीतरी वर्षं स्वतःवर खूश होते.

पुढे नवऱ्याची बदली विशाखापट्टणमला झाली. शेजारी एक म्हातारे खलाशी राहत. त्यांच्या भिंतीवर तशीच टोपी होती, तीही बिननावाची. "लढाईत सगळ्यांच्याच फितीवरून नावं काढली होती," ते मला लहान मुलीला समजवावं तसं म्हणाले. "आपलं नाव मात्र टोपीच्या आत असायचं." मला तोंड लपवावंसं वाटलं.

मी हैदराबादला, कुकटपल्लीतल्या काकांच्या खोलीवर गेले, खुंटीवरची टोपी काढली आणि उलटी केली. आतल्या घामट पट्टीखाली काळ्या शाईत काकांचं पूर्ण नाव होतं, नंबर होता. कागदावरचा शिक्का दहादा निरखणाऱ्या आमच्यापैकी एकानंही ती टोपी कधी उलटून पाहिली नव्हती.

"हे तेव्हाच का नाही दाखवलं?" मी ओरडलेच. माझाच मला संताप आला होता.

काकांनी माझ्या हातातून टोपी घेतली आणि परत खुंटीला लावली.

"घरच्या माणसांना पण सर्टिफिकेट दाखवायचं का, बेटा?"