शंकरदेवाची खंडणी

आमच्या सुकापूरच्या सोसायटीत आशालताबाईंशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. पनवेलच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्या, पण आवाज अजून वर्गातलाच. टँकर उशिरा आला तर ड्रायव्हर आधी त्यांच्या खिडकीकडे बघतो.

यंदा गणपतीत त्यांनी नाटक लिहिलं ते देवगिरीच्या शंकरदेव यादवावर. रामदेवरावाचा हा मुलगा गादीवर बसला आणि बापाने दिल्लीला कबूल केलेली खंडणी त्याने बंद केली. फौज चालून आली, त्यात तो मारला गेला. राज्य मिळालं जेमतेम दोन वर्षं.

"मॅडम, सणासुदीला राजा मारायचा?" आमचे अध्यक्ष उदयसिंह म्हणाले. "पब्लिकने काय रडत घरी जायचं? शेवटी जिंकवा त्याला, नाहीतर ऑर्केस्ट्रा ठेवू."

"तो हरला. जिंकलेल्यांना विचारणारे ढीगभर आहेत, याला कोण आहे?" बोलताना बाईंचा आवाज चक्क कापला. मला फार वाईट वाटलं. उदयसिंहही नरमले, पण दिल्लीच्या सरदाराचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती.

राजा करायला तरुण कोणी मिळेना, सगळ्यांच्या शिफ्टा. मग साठी उलटलेल्या बाईंनीच मिशी चिकटवली. मी विंगेत, पडद्याची दोरी धरून.

शेवटच्या प्रवेशात सरदाराने खंडणी मागायची, राजाने नाकारायची आणि लढाई. उदयसिंहांनी दाढीवरून हात फिरवला आणि प्रेक्षकांकडे बघत म्हणाले, "राजा, तुझी हिंमत पाहून आम्ही खूश झालो. जा, खंडणी माफ."

टाळ्यांचा कडकडाट झाला. राजा वाचला, नाटक बुडालं. मला उदयसिंहांचा असा संताप आला की सांगता सोय नाही.

बाईंनी टाळ्या थांबू दिल्या. मग सावकाश पुढे आल्या.

"माफ करणारा तू कोण? तुझी माफी घेतली, तर मी देणं लागत होतो असं ठरेल. मी तुझं काही देणं लागत नाही. काढ तलवार."

उदयसिंहांनी मला पडदा टाकायची खूण केली. मी दोरी घट्ट धरून ठेवली.

शेवटी त्यांना तलवार काढावीच लागली.