झोप सोडून सगळं केलं त्यानं

दत्ता गेल्याचं मला मोबाइलवर कळलं, तेही त्याच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवरून. मी त्या ग्रुपबरोबर एक पाऊल कधी चाललो नाही. दत्तानंच मला जबरदस्तीनं त्यात घातलं होतं. फोटोत तो पांढरी टोपी घालून, हातात फुलांचा गुच्छ धरून उभा होता आणि खाली लिहिलं होतं, 'आमचे सर्वात नियमित सदस्य चिरनिद्रेत विसावले.' पाठोपाठ जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग. मी चाकणला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चहा घेत होतो. खरं सांगतो, आधी रडू नाही आलं, संताप आला. ज्या माणसाला उभ्या जन्मात कुणी धड चार तास डोळा लावू दिला नाही, तो म्हणे निद्रेत विसावला! त्या दिवशीही तो रात्रपाळी करून कंपनीच्या बसमधून उतरला होता आणि घरी न जाता थेट बागेत गेला होता. तीन फेऱ्या झाल्या, बाकावर बसला आणि बसल्या जागी कलंडला. सुनंदावहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा फोन मागाहून आला. "भाऊजी, या," एवढंच त्या म्हणाल्या.

महिना होत आला, माझा राग काही गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. दत्ताबद्दल चांगलं लिहायला काहीच कष्ट नाहीत, दुखणं तिथंच आहे.

लग्नाआधी आम्ही भोसरीत राहायचो. एका खोलीत सहा जण आणि कॉट तीन. म्हणजे एका कॉटला दोन मालक. एक कामावर गेला की दुसऱ्यानं येऊन आडवं व्हायचं. माझा जोडीदार दत्ता सावळे. अंबाजोगाईकडचा, आयटीआय करून आलेला, उंच, हडकुळा, सदा हसतमुख. मी साताऱ्याचा, पहाटे उठायची सवय असलेला, म्हणून पहिली पाळी मागून घेतलेली. बाकीचे आठवड्याला शिफ्ट बदलायचे. दत्ता मात्र ज्याला रात्रपाळी नको असेल त्याची घ्यायचा, आणि रात्रपाळी तर कुणालाच नको असायची. मी सकाळी कॉट झटकून, चादरीची घडी उशाशी ठेवून निघायचो. दुपारी येऊन बघावं तर घडी जागची हललेली नसायची आणि ह्याचा पत्ता नसायचा. कुणासाठी गॅसच्या रांगेत उभा, कुणाच्या आईला घेऊन दवाखान्यात, कुणाचं सामान हलवायला टेम्पोत. "अरे, निम्म्या कॉटचं भाडं भरतोस, निदान पाठ तरी टेकव," मी ओरडायचो. "सुभ्या, माझ्या वाटचं तूच झोप की लेका. मला कुठं झोप यायलीय," तो म्हणायचा. तेव्हा ते खरंही वाटायचं. पंचविशीतलं शरीर, काहीही पचवतं. दोन रात्री जागून तिसऱ्या दिवशी क्रिकेट खेळणारा दत्ता ही आमच्या खोलीची शान होती. आम्ही त्याचं कौतुक करायचो... आणि तो त्या कौतुकावर जगायचा.

पुढं लग्न झालं, दोन मुली झाल्या, मोशीत सोसायटीत फ्लॅट झाला. कंपनी चाकणला गेली, तिच्यामागं आम्ही गेलो. मी जनरल शिफ्टला क्वालिटीत आलो, दत्ता रात्रपाळीतच राहिला. सोसायटीला सेक्रेटरी हवा होता. पहिल्याच मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, "सावळेसाहेब, तुम्हीच व्हा की. तुम्ही काय, दिवसा घरीच असता." हे वाक्य आजही कानावर पडलं तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. दिवसा घरीच असता! अहो, तुम्हीही रात्री घरीच असता, मग तेव्हा तुमची बेल वाजवून कुणी लिफ्टवाल्याचा नंबर मागतं का? तिकडच्या सोसायट्यांत पाणी टँकरनं येतं आणि टँकरवाला वेळ सांगून येत नाही. तो आला की कुणीतरी खाली जाऊन टाकीचं झाकण उघडायचं. कुणी? जो दिवसा घरी असतो तो. कुरिअर कुणी घ्यायचं, मीटरवाल्याला गच्चीची किल्ली कुणी द्यायची? तोच. वहिनी दारात आडव्या उभ्या राहून सांगायच्या, "ते झोपलेत." समोरच्यानं ओशाळावं की नाही? तो उलट चकित होऊन विचारायचा, "आत्ता? अकरा वाजता?" तोवर आतून दत्ता बनियन चढवत बाहेर. "आलो, आलो." वैतागून वहिनींनी एकदा बेलच काढून टाकली. तर ह्या शहाण्यानं दुसऱ्या दिवशी नवी आणून बसवली, पहिलीपेक्षा मोठ्या आवाजाची.

मग कंपनीच्या वार्षिक तपासणीत शुगर निघाली. त्या दिवसापासून दत्ता असा काही कामाला लागला की विचारू नका. साखर बंद, भात बंद, बटाटा बंद. मेथीचं पाणी, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड. लग्नात जिलबीचं ताट समोर आलं की तो हात जोडायचा. गोळी एक दिवस चुकवली नाही. कुणीतरी सांगितलं, चाला. चालायला वेळ कुठून काढायचा? झोपेतून! बसमधून उतरायचं आणि थेट बागेत जायचं. तीन महिन्यांनी तपासलं तर साखर आणखी वर. दत्तानं फेऱ्या वाढवल्या. पुढच्या खेपेला आणखी वर. मग फेऱ्यांनंतर योगासनं, योगासनांनंतर हास्यक्लब. घरी पोचेपर्यंत टँकरची वेळ. साखर वाढली की हा झोपेचा आणखी एक लचका तोडायचा आणि झोप तुटली की साखर वाढायची, आणि ह्या चक्रात फिरताना त्याला वाटायचं आपणच प्रयत्नात कमी पडतोय. पोट सुटत चाललं होतं, डोळ्यांखाली काळं पडलं होतं. ग्रुपनं मात्र 'सर्वात नियमित सदस्य' म्हणून त्याचा सत्कार केला. तो गुच्छाचा फोटो त्याच दिवशीचा.

शेवटी मीच रजा टाकून त्याला चिंचवडला एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. मुलगीच म्हणायची, तिशीची असेल. तिनं रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारलं, "काका, तुम्ही झोपता कधी?"

"बसमध्ये," दत्ता म्हणाला. आणि हसला.

ती हसली नाही. तिनं कागद पालथा घालून, त्यावर रेघा ओढत आम्हाला समजावलं. झोप सतत कमी पडली की शरीराला वाटतं काहीतरी संकट आलंय. मग ते रक्तात साखर सोडत राहतं. इन्शुलिन तयार होतं, पण ज्या पेशींनी त्याचं ऐकून साखर आत घ्यायची त्या ऐकेनाशा होतात. भूक खवळते ती वेगळीच. त्यात मध्यरात्री जेवण, म्हणजे शरीर ज्या वेळी अन्न पचवायला तयारच नसतं तेव्हा. "फक्त झोपेमुळं झालं असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "तुमच्या वडिलांनाही मधुमेह होता. चालणंही सोडू नका. पण झोप कापून चालू नका, काका. झोप हेसुद्धा औषधच आहे. सलग सहा-सात तास. आणि जमलं तर रात्रपाळी सोडा, मी चिठ्ठी देते." दत्ता शाळेतल्या पोरासारखा मान डोलवत होता. मला वाटलं, सुटलो एकदाचे. बाहेर आल्यावर म्हणतो कसा, "हुशार हाय पोरगी. चल, मोशीला जाता जाता नाचणीचं पीठ घेऊ." मी कपाळावर हात मारून घेतला. रात्रपाळीचं विचारलं तर म्हणाला, "मी सोडली तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडंल की." पडू दे ना! पण ते त्याला पटवणं माझ्या बापाला जमलं नसतं.

मग मला एक युक्ती सुचली आणि मी स्वतःवर भलताच खूष झालो. मंगल, माझी बायको, शाळेत शिकवते, मी चाकणला. दिवसभर इंद्रायणीनगरचं आमचं घर रिकामं. मागची खोली शांत, खिडकीसमोर फक्त एक शेवग्याचं झाड. मी किल्ली बनवून त्याच्या हातात ठेवली. "बसमधून माझ्या घरी उतरायचं, झोपायचं, दुपारी उठून मोशीला जायचं. तुझ्या सोसायटीला काही सांगायचं नाही." वहिनींना सांगितलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाऊजी, जाड पडदा मी शिवून देते," म्हणाल्या, आणि दोन जुन्या सतरंज्या जोडून खरंच दिला. पुन्हा आम्ही दोघं एका कॉटचे मालक झालो म्हणून दत्तालाही गंमत वाटली. पहिल्या दिवशी त्याचा फोनही मी काढून घेतला. तर दुपारी भर मीटिंगमध्ये तो वाजू लागला. "सेक्रेटरी कुठंत? टँकर आलाय." मी म्हटलं, "तुमचे सेक्रेटरी औषध घेतायत." "मग घेऊन झालं की पाठवा," पलीकडचा म्हणाला.

पण महिनाभरात फरक पडला. साखर पहिल्यांदाच खाली उतरली. मी पेढे वाटायचा बाकी होतो, आणि पेढे खाणार कोण म्हणून गप्प बसलो. आमच्या घरातही फरक पडत होता, तो मात्र मला उशिरा दिसला. न्हाणीघराचा नळ गळायचा थांबला. कपाटाचं दार कुरकुरेनासं झालं. मला वाटलं मंगलनं कुणाला बोलावलं, तिला वाटलं मी. एकदा मी दुपारी लवकर घरी आलो तर मागच्या खोलीत पडदा बाजूला सारलेला, आणि दत्ता स्टुलावर उभा. पंखा खाली उतरवलेला, हात ग्रीसनं काळे.

"हे काय करतोयस?" माझा आवाज चढला.

"आवाज करत होता रे. झोपू देईना."

"आणि नळ? तोही झोपू देत नव्हता? ते कपाट?"

त्यानं हात पुसले, स्टुलावरून उतरला आणि कॉटच्या कडेला बसला. मी जे तोंडाला येईल ते बोलत होतो. तुझ्या पोरींचं काय, वहिनींचं काय, डॉक्टर काय वेडी आहे का. तो सगळं ऐकून घेत होता. मग खाली बघत म्हणाला, "सुभ्या, पडतो रे मी. रोज पडतो. पहिले पंधरा-वीस दिवस लागली झोप, लई गोड लागली. आता पडलो की कान दाराकडं. कोण येतंय, कोण बोलवायलंय... कुणी येत नाही तरी उठून बसतो. मला कामं जमतेत. झोपायलाच जमंना झालंय."

मी इतकी वर्षं त्याला हट्टी समजून ओरडत होतो. तो हट्टी नव्हता. त्याच्या अंगातून झोपेची सवयच निघून गेली होती, आणि ती कुणी कशी घालवली ते मी वर लिहिलंच आहे. "डॉक्टरीणबाईंना हे सांग," मी म्हणालो. "ह्यालाही उपाय असेल." "सांगतो की," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीला बोलू नको मात्र. तिला वाटतंय, मी इथं झोपायलोय. बरं वाटतंय तिला." मग त्यानं पंखा पुन्हा टांगला, बटण दाबलं आणि मान वर करून बघत राहिला. जरासुद्धा आवाज नव्हता. "बघ," म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचं ते समाधान बघून मला त्याला मारावंसं वाटलं, आणि मारता येत नव्हतं म्हणून मी चहा टाकायला गेलो.

डॉक्टरांकडं जाणं त्याचं राहिलं. आधी सोसायटीची वार्षिक सभा, मग मुलीची परीक्षा, मग सुटीच्या दिवशीही कुणाची तरी रात्रपाळी. झोप लागेना तशा बागेतल्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या, आणि मग ते बाकडं.

दिवसकार्य झाल्यावर गेल्या रविवारी वहिनी एकट्याच आमच्याकडं आल्या. किल्ली परत द्यायला. मंगल देवळात गेली होती. वहिनींनी पाणी घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, ती खोली बघू का?" मी दार उघडून दिलं. त्या कॉटच्या कडेला बसल्या, आपण शिवलेल्या पडद्याला हात लावून बघितला. मग विचारलं, "इथं तरी नीट झोपायचे ना?"

दत्तावर मी आयुष्यात इतका कधी चिडलो नसेन जितका त्या क्षणी चिडलो. स्वतः सुटला आणि हे उत्तर माझ्यावर टाकून गेला.

"हो, वहिनी," मी म्हणालो. "गाढ."

"घोरायचे का हो?" त्या म्हणाल्या. "लग्न झालं तेव्हा लई घोरायचे. नंतर कितीक वर्षांत ऐकलंच नाही मी."

"घोरायचा म्हणजे काय," मी म्हणालो. "बाहेरच्या खोलीत बोललेलं ऐकू यायचं नाही. मंगल वैतागायची."

त्या हसल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला आणि खांदे हलू लागले. मी भिंतीकडं बघत उभा राहिलो. दत्ता झोपायला यायचा त्या वेळी मी चाकणला आणि मंगल शाळेत असते, हे वहिनींना चांगलं ठाऊक आहे; ती किल्ली त्यासाठीच तर होती. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. डोळे पुसले, उशीची खोळ काढली, तिची नीट घडी केली आणि म्हणाल्या, "ही नेते मी."