मामांसोबत घरी येणारा रनवे

माझ्या मामांइतका निरुपयोगी फायरमन देशात दुसरा नसेल, असं घोरावाडीत सगळे म्हणतात, आणि मामांना त्याचा अभिमान आहे. विमानतळाच्या अग्निशमन दलात त्यांची सगळी हयात गेली, पण एकही विमान पेटलं नाही. "काय भाऊ, औंदा तरी एखादं इमान पेटलं का?" रेल्वे स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवरची मंडळी विचारतात. मामा चहा फुंकत सांगतात, "न्हाई पेटलं, त्याचाच पगार घेतो."

आग नसते तेव्हा धावपट्टीच्या आसपास पडलेला खिळा, खडा, पत्रा उचलणं आणि पक्षी हुसकावणं हेही त्यांच्याकडेच. असलं काही इंजिनात गेलं तर घात होतो, हे मला समजतं. अडचण एवढीच, की मामा घरी येताना रनवेही सोबत आणतात. स्टेशनपासून घरापर्यंत ते मान खाली घालून वेचत येतात आणि मामी त्यांचे खिसे दारातच रिकामे करून घेतात. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात तर त्यांनी वरात थांबवली, कारण घोड्यापुढे एक बारीक स्क्रू पडला होता. तो कशाचा हे कळेपर्यंत घोडा हलू देईनात. "आवं, घोडं हाय ते, उडणार न्हाई!" नवरदेवाचे चुलते ओरडले. शेवटी स्क्रू मामांच्याच चष्म्याचा निघाला.

पण खरी फजिती इंद्रायणीच्या काठावर झाली. शेजारच्या आबांचा दहावा होता. पिंड ठेवून सगळे कावळ्याची वाट बघत बसले होते. कावळा काही येईना. मुलांनी शब्द दिले, सुनांनी हात जोडले, ऊन डोक्यावर आलं. अखेर एक कावळा झाडावरून उतरला, पिंडाजवळ आला, आणि मामा ताडकन उठून टाळ्या वाजवत त्याच्या अंगावर धावले. कावळा गेला तो नदीपलीकडेच. "आरं भाऊ, आमच्या आबाला जाऊ दे की वर!" थोरला मुलगा रडकुंडीला आला. मामा तसेच हात उचललेले उभे. पुढे कितीतरी दिवस ते टपरीवरून जाताना लोक टाळ्या वाजवत.

मामांनी टपरीवर बसणं सोडलं. निवृत्ती जवळ आली होती. एकदा ओट्यावर बसून ते मला म्हणाले, "सगळ्यांनी माजं याड बघितलं रं. काम कुनीच न्हाई बघितलं." ते खरंच होतं. आमच्या घरातलं कोणी कधी विमानात बसलंच नव्हतं.

त्याच वर्षी कॉलेजने मला एका स्पर्धेसाठी दिल्लीला पाठवलं, तेही विमानाने. घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे हे पहिलेपणही माझ्याच वाट्याला आलं. मामांनी तीनतीनदा बजावलं, "खिडकी घे. मला बघ. आन् टपरीवर सांग."

मी खिडकी घेतली. लाल गाडीजवळ त्यांच्यासारख्याच कपड्यांतले बरेच जण उभे होते. एकच वाकलेला होता. मी हात हलवत राहिलो. मामांनी काहीतरी उचललं, निरखलं, पिशवीत टाकलं आणि पुढे गेले. वर बघितलंच नाही.

परत आलो तर ते स्टेशनवर उभे. "दिसलो का रं?"

"दिसलात. पण तुम्ही वर बघितलंच नाहीत."

"वर बघाया मी काय पावना हाय?" मग म्हणाले, "बॅगेच्या चेनची कडी होती. तुला दावायला आननार होतो. पन जमा करावी लागती."

आम्ही टपरीवर गेलो. मला धड सांगता येईना. मामा वाकले, त्यांनी एक कडी उचलली, विमान उडालं, एवढंच सांगितलं.

"मग? फुडं काय झालं?" कोणीतरी विचारलं.

"काही नाही झालं," मी म्हणालो.

कोणी टाळी वाजवली नाही. मामा चहा फुंकत होते. तो केव्हाच निवला होता.